आठ इंची टाच, लावणीची पावलं: एका नर्तकाच्या बुटांचं प्रकरण

पुण्यातला एक नर्तक. वय अठ्ठावीस, उंची पाच फूट सात इंच, स्त्रीवेशात लावणी करण्याचा अनेक वर्षांचा सराव. मुंबईतल्या एका क्लबात ड्रॅगचा, म्हणजे भडक वेशांतर करून रंगवायच्या सादरीकरणांचा, कार्यक्रम ठरला होता आणि त्यात साडेनऊ मिनिटांचा एक तुकडा त्याला सादर करायचा होता. सुरुवातीला नऊवारीच्या धाटणीचा शिवलेला पोशाख, ढोलकीच्या एका तोड्यावर तो एका झटक्यात सुटणार, आणि खाली मांडीपर्यंतचे लालभडक, चकचकीत बूट दिसणार. कल्पना झकास होती. बूट त्यानं आधीच ऑनलाइन मागवले होते: सात इंची टाच, पुढे चवड्याखाली जेमतेम एक इंचाचा प्लॅटफॉर्म, म्हणजे जाड तळ, आरशासारखं चकाकणारं पेटंट फिनिश, मागे चेन. घरी घालून पाहिले तर पाच मिनिटांत बोटं बधिर झाली, गुडघे सरळच होईनात, आणि वळताना घोटा बाहेरच्या बाजूला कलंडेल असं वाटायला लागलं.

"ताई, आत कुठलं पॅडिंग घालू?" एवढंच त्याला विचारायचं होतं.

मी रंगमंचासाठी वेशभूषा करते. असल्या बुटांबाबत हाच प्रश्न सगळ्यांच्या तोंडी सगळ्यात आधी येतो. मला तो सगळ्यात शेवटचा वाटतो. बूट आरामदायी होणार की नाही, हे नव्वद टक्के तो विकत घेताना ठरून गेलेलं असतं. उरलेलं ठरतं चालीवर. जेलची गादी त्यानंतर.

टाचेचे इंच आणि पायाचा चढ

बूट विकणारे टाचेची उंची सांगतात, घेणारेही तीच विचारतात. पायाला मात्र कळतो तो टाच आणि चवडा यांच्या पातळीतला फरक. टाचेच्या उंचीतून चवड्याखालच्या प्लॅटफॉर्मची जाडी वजा केली की हा फरक हाती येतो. मी त्याला चढ म्हणते.

पोल डान्स आणि ड्रॅग करणाऱ्यांच्या पायांत हमखास दिसणारे बूट म्हणजे अमेरिकेतल्या 'प्लीझर' कंपनीचे. त्यांच्या मालिका बघितल्या की हा हिशेब लगेच डोक्यात बसतो. 'डिलाइट'ची टाच सहा इंच, प्लॅटफॉर्म पावणेदोन. 'अडोर' सात आणि पावणेतीन. 'फ्लमिंगो' आठ आणि चार. 'बियाँड' दहा आणि सव्वासहा. वजाबाकी केली तर चढ निघतो सव्वाचार, सव्वाचार, चार आणि पावणेचार इंच. बघणाऱ्याला सहापासून दहापर्यंत वाढत गेलेली टाच दिसते; पाय मात्र जवळपास त्याच उतारावर उभा असतो. आपल्या नर्तकाचे लाल बूट सातच इंची होते, म्हणजे या यादीत मधले. पण त्यांचा चढ होता पूर्ण सहा इंच.

आता हा चढ पायाच्या लांबीशी ताडून बघावा लागतो. त्याला कागदावर उभं करून पाऊल आखलं. लांबी साडेसव्वीस सेंटीमीटर, त्यातलं टाचेच्या मागच्या कडेपासून चवड्याच्या सांध्यापर्यंतचं अंतर १९ सेंटीमीटर. सहा इंच म्हणजे सव्वापंधरा सेंटीमीटरचा चढ या अंतरावर पेलायचा तर पाऊल सुमारे ५३ अंशांत तिरकं होतं. सर्वसाधारण घोटा पाऊल खालच्या बाजूला ५० अंशांच्या आसपासच ताणू शकतो. म्हणजे सांध्याची हद्द संपली तरी बुटाची मागणी संपत नाही. जे कमी पडतं ते नडगी पुढे कलवून आणि गुडघे वाकवून भरून काढावं लागतं. त्याचे गुडघे सरळ होत नव्हते ते यामुळे. पाय कमकुवत होते म्हणून नव्हे. त्याच पावलाला आठ इंची टाच आणि चार इंची प्लॅटफॉर्म दिला तर कोन येतो ३२ अंश. टाच एका इंचाने वाढली आणि पायाचे वीस अंश वाचले.

हाच हिशेब लहान पावलाला उलटा लागतो, आणि हे मुलींनी जरूर लक्षात घ्यावं. साडेबावीस सेंटीमीटरच्या पावलात टाचेपासून चवड्यापर्यंत सोळा सेंटीमीटर मिळतात. माप बदललं तरी या बुटांची टाच बहुधा तेवढीच राहते किंवा अगदी थोडी बदलते. त्यामुळे तोच आठ-चारचा बूट त्या पावलाला ४० अंशांचा पडतो. मैत्रिणीला सहज जमलेला बूट आपल्याला का जमत नाही, याचं उत्तर पुष्कळदा एवढंच असतं.

घोटा कलंडण्याचं कारणही या कोनातच आहे. घोट्याच्या खोबणीत बसणारं टॅलस नावाचं हाड पुढे रुंद आणि मागे अरुंद असतं. पाऊल सपाट असताना रुंद भाग खोबणीत घट्ट बसतो. पाऊल खाली ताणलं की अरुंद भाग तिथे येतो आणि सांधा सैल पडतो. चढ जितका जास्त, तितका घोटा हाडांच्या आधाराशिवाय, नुसत्या स्नायूंच्या आणि अस्थिबंधांच्या भरवशावर उभा. सराव कितीही करा, हाडाचा आकार बदलत नाही.

तेव्हा लाल बूट बाद. त्याला वाईट वाटलं, पैसे गेले होते. पण ५३ अंशांवर चढवायला जगात कुठलंही पॅडिंग नाही.

निवड

त्यानं फोनवर काही फोटो जमवून ठेवले होते. ब्रिटिश फॅशन डिझायनर अलेक्झांडर मॅक्वीन यांचे 'आर्माडिलो' त्यात होतेच. ऑक्टोबर २००९ मध्ये पॅरिसला दाखवलेले, सुमारे बारा इंच उंचीचे, आत लाकूड कोरून बनवलेले बूट. ते घालून चालायला काही मॉडेलनी नकार दिला होता. ज्या चालल्या, त्यांच्यापैकी कुणी पडलं नाही. त्या बुटांच्या बोटांवर जो विचित्र फुगवटा आहे तो नुसता शोभेचा नाही, पाऊल उचलताना बूट वर घ्यायला त्याची मदत होते. दुसरा फोटो मॉडेल नेओमी कॅम्पबेल यांचा: १९९३, पॅरिस, डिझायनर व्हिव्हियन वेस्टवुड यांचे निळे प्लॅटफॉर्म, आणि तोल जाऊन रॅम्पवर बसकण मारलेल्या, हसणाऱ्या कॅम्पबेल. ते बूट आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत. मी त्याला म्हटलं, "हे फोटो बघ, पण एक लक्षात ठेव. या सगळ्याजणी सरळ जाऊन सरळ परत आल्या. तुला गिरक्या घ्यायच्यात."

काम काय आहे यावरून बूट ठरवावा, असं माझं ठाम मत आहे. नुसतं फोटोसाठी बसायचं असेल तर प्लॅटफॉर्म नसलेले, थेट बोटांच्या टोकावर उभे करणारे बॅले बूटही चालतील. त्यांत चालण्याचा विचारसुद्धा करू नये. नाचायचं असेल तर घोट्याशी नाडी हवी, टोक गोल हवं, आणि चढ आपल्या पावलाला ३५ अंशांच्या आत हवा. हा पस्तीसचा आकडा कुठल्या ग्रंथातला नाही, माझ्या कामातून बसलेला आहे.

मांडीपर्यंतच्या बुटाची आणखी एक अडचण असते. पुरुषाची पोटरी बायकांच्या फर्म्यावर बेतलेल्या बुटात क्वचितच नीट बसते. चेन पोटरीवर अडते, गुडघ्यामागे सुरकुत्यांचा गठ्ठा होतो, आणि वरची कड घसरू नये म्हणून घट्ट केली की मांडीवर वळ उठतात. गुडघा जखडला की तोल गेलाच. आम्ही मार्ग काढला तो असा: आठ-चारचे, घोट्याच्या जरा वरपर्यंत येणारे, पुढे नाडी आणि बाजूला चेन असलेले साधे बूट घ्यायचे, आणि मांडीपर्यंतचा भाग चारही बाजूंनी ताणणाऱ्या चकचकीत कापडाचा वेगळा शिवायचा. प्रेक्षकाला मांडीपर्यंतचा बूट दिसला म्हणजे झालं.

त्या कव्हरचा आकार काढायची पद्धत सोपी आहे. बूट घालून उभं राहायचं. बुटासकट मांडीपर्यंत क्लिंग फिल्म (अन्न झाकायचा पातळ प्लास्टिकचा कागद) गुंडाळायची, तिच्यावर चिकटपट्टी लावत जायचं, मग मागच्या बाजूने मध्यावर रेघ मारून कात्रीने काळजीपूर्वक कापायचं. हा सोललेला आकार म्हणजेच पॅटर्न. शिलाई झिगझॅग घालायची, सरळ टाका ताणात तुटतो. खाली बुटाच्या पोकळीतून, म्हणजे प्लॅटफॉर्म आणि टाच यांच्या मधून, इलॅस्टिकची पट्टी जाते. तिथे जमिनीचा स्पर्श नसल्यामुळे ती घासली जात नाही. वरच्या कडेला आतून सिलिकॉनची पट्टी. या उद्योगाला एक संध्याकाळ लागते आणि गुडघा पूर्ण मोकळा राहतो.

मापाबद्दल थोडं. त्याचा भारतीय नंबर ८, अमेरिकी बायकांच्या मापात तो साधारण ११ होतो. लाल बूट त्यानं १२ नंबरचे घेतले होते, मोठे असलेले बरे म्हणून. चपलेत हे चालतं. चढाच्या बुटात मोठं माप म्हणजे घसरगुंडी: पाऊल पुढे सरकतं, बोटं टोकात कोंबली जातात, मागे टाचेशी बोटभर फट पडते. माप संध्याकाळी घ्यावं, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात. बूट घालून उभं राहिल्यावर टाच मागे टेकलेली हवी आणि बोटं सरळ पसरता यायला हवीत. दोन्ही एकाच वेळी. यातलं एक जरी जमत नसेल तर बूट परत करावा.

नवे बूट आले तेव्हा आधी ते रिकामेच टेबलावर ठेवले. मागून डोळ्याच्या पातळीवर बघितलं: दोन्ही टाचा काटकोनात उभ्या आहेत ना? बाजूने बघितलं: टाचेचं टोक पायाच्या टाचेच्या मध्याखाली येतंय की मागे निसटलंय? मग मधल्या कमानीवर अंगठ्यांनी जोर देऊन दाबलं. आत पोलादी शँक, म्हणजे कमानीला आधार देणारी पट्टी, नीट बसवलेली असेल तर तिथे काहीच हलत नाही. हललं तर तो बूट कुणाच्याही पायात घालू नये.

चेंबूरची ठक्कर बाप्पा कॉलनी पादत्राणांच्या कारागिरांसाठी प्रसिद्ध आहे. तिथल्या एका ओळखीच्या कारागिराकडून प्लॅटफॉर्मच्या तळाला पातळ रबराची शीट लावून घेतली. प्लास्टिकचा तळ आधी खरवडून, पुसून मगच पेस्टिंग केलं, नाहीतर ते नाचताना सुटतं. टाचेच्या टोकाखालचा छोटा तुकडाही बदलला. मूळचा कडक प्लास्टिकचा होता, लादीवर काचेसारखा सरकत होता.

आणि शेवटी पॅडिंग. जेलची छोटी गादी चवड्याच्या बरोबर खाली लावू नये. ती चवड्याच्या किंचित मागे लावायची, म्हणजे पाऊल पुढे सरकायला अटकाव होतो आणि चवड्यातल्या हाडांच्या टोकांवरचा भार थोडा मागे येतो. टाचेशी पातळ ग्रिप. पायात नायलॉनचे पातळ मोजे. बस.

लावणी विसरायची नाही, पाऊल बदलायचं

लावणीचं पाऊल सपाट पडतं. पूर्ण तळवा जमिनीवर आपटतो, त्यातून घुंगरांचा नाद निघतो, गुडघे किंचित वाकलेले, वजन खाली. इतक्या वर्षांची ही सवय शरीरात मुरलेली. पहिल्याच दिवशी तो बूट घालून उभा राहिला, ढोलकी लागली, आणि नकळत त्याची उजवी टाच सवयीने आपटायला निघाली. मी ओरडले. अर्ध्या इंचाच्या टोकावर सगळं शरीर आपटलं तर एक तर टाच तुटते, नाहीतर घोटा.

साधं चालताना आपण टाच टेकतो, तळव्यावरून पुढे जातो आणि बोटांनी जमीन मागे ढकलतो. चार इंची प्लॅटफॉर्म वाकतच नाही, त्यामुळे ही सगळी साखळी बंद. पाऊल गुडघ्यातून आणि कमरेतून वर उचलायचं आणि प्लॅटफॉर्म व टाच एकदम टेकवायची. प्लॅटफॉर्म केसभर आधी टेकला तरी चालेल, टाच आधी कधीच नाही. पाऊल आखूड. नजर समोर, कारण खाली बघितलं की डोकं पुढे जातं आणि डोक्यामागून सगळा तोल. गुडघे ताठ कुलूपबंद करायचे नाहीत.

सुरुवात स्वयंपाकघराच्या ओट्याला धरून केली. आधी नुसतं उभं राहणं. मग वजन एका पायावरून दुसऱ्यावर. मग जागच्या जागी पावलं. मग भिंतीच्या कडेने चालणं. गालिच्यावर सराव करू नये. मऊ पृष्ठभागात टाच रुतते आणि घोट्याला खोटी माहिती मिळते. पहिल्यांदा दहा मिनिटं, दुसऱ्या दिवशी सकाळी पोटऱ्या ठीक असतील तरच पुढच्या खेपेला वाढवायचं. बोटं बधिर झाली की त्याच क्षणी बूट काढायचे. दुखणं थोडंफार सहन करता येतं. बधिरपणा म्हणजे नस दाबली जातेय आणि तिथे हिंमत दाखवण्यात काही अर्थ नाही. जोडीला अनवाणी व्यायाम: पायरीच्या कडेवर टाचा वर-खाली, एका पायावर उभं राहणं, रबरी पट्ट्याने पाऊल बाहेरच्या बाजूला खेचणं. घोटा कलंडताना त्याला सावरतात ते हेच बाहेरच्या बाजूचे स्नायू.

बूट काढल्यावर एकदम अनवाणी हिंडायचं नाही, हेही त्याला शिकवलं. थोडा वेळ दोन इंची सँडल, मग पोटऱ्यांचं ताणणं. वर्षानुवर्षं उंच टाचा वापरणाऱ्या बायकांच्या पोटरीतले स्नायुतंतू आखूड आणि टाचेची शीर ताठर झाल्याचं २०१० साली 'जर्नल ऑफ एक्स्परिमेंटल बायोलॉजी'तल्या एका अभ्यासात आलं आहे. महिन्यातून दोन कार्यक्रम करणाऱ्याला तेवढी धास्ती नाही, पण ताणणं टाळू नये.

पडायचाही सराव केला, गादीवर. तोल गेला तर हात पुढे टेकायचे नाहीत, मनगट जातं. गुडघे सोडून द्यायचे आणि कुल्ल्यावर बसायचं.

आणि इथे लावणी कामाला आली. कमरेची पकड, मांड्यांतला जोर, एका पायावर थांबून नजर टाकण्याची अदा, हे सगळं त्याच्याकडे तयार होतं. चवड्यावर वजन असल्यामुळे ठुमका उलट जास्त खुलला. गिरकी मात्र टाचेवर घ्यायची नाही, चवड्यावर तीन आखूड पावलांत घ्यायची. तोड्यातलं पाऊल आपटणं आम्ही प्लॅटफॉर्मवर आणलं आणि नाद ध्वनिमुद्रणातून घेतला. घुंगरांची पूर्ण चाळ बुटावर बांधायचा त्याचा आग्रह होता; ती खाली घसरून टाचेच्या पोकळीत अडकली असती. त्याऐवजी कव्हरवर पोटरीच्या उंचीला घुंगरांची एकच ओळ टाकली.

सगळ्यात चांगली सूचना त्याचीच होती. मधली अडीच मिनिटं त्यानं बैठकीच्या लावणीची केली. उंच स्टुलावर बसून, एक पाय दुसऱ्यावर टाकून, नुसते हात, मान आणि डोळे. प्रेक्षकांना बूट अगदी जवळून दिसले आणि पायांना विसावा मिळाला. बूट पेलायची युक्ती म्हणून सुचलेला हा भाग त्या सादरीकरणाचा सगळ्यात देखणा भाग झाला, असं मी मनापासून म्हणते.

क्लबात

जागा आधी बघून घेणं अत्यावश्यक. धुराच्या यंत्रातल्या द्रवाचा पातळ थर लाकडी मंचावर बसतो आणि मंच बुळबुळीत होतो. आधीच्या कलाकारांची चमकी, सांडलेली बीअर, माइकच्या वायरी. मंचाच्या फळ्यांमधल्या फटी टाचेपेक्षा रुंद होत्या, तिथे काळी गॅफर टेप मारून घेतली. मंचाला चार पायऱ्या, कठडा नाही. ठरलं असं की तो अनवाणी वर जाणार, पडद्यामागे खुर्चीवर बसून बूट घालणार. उतरताना बूट पायातच राहणार होते, म्हणून आडवं उतरायचं आणि खाली एक माणूस हात धरायला.

कार्यक्रम नीट झाला. शेवटच्या गिरकीत एक पाऊल आखूड पडलं, ते त्यानं मान वेळावून झाकलं. बूट पायांत एकूण पंचवीस मिनिटं होते. काढल्यावर दोन्ही अंगठ्यांच्या सांध्याशी लाली होती, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ती गेली. बधिरपणा नव्हता.

बूट ठेवण्याबद्दल, कारण आपल्याकडच्या हवेत हे महत्त्वाचं. पेटंट पृष्ठभाग एकमेकांना चिकटतात आणि रंग उतरतो, म्हणून दोन्ही बूट वेगवेगळ्या सुती पिशव्यांत, आत कागद कोंबून, उभे ठेवायचे. कृत्रिम चामड्यातलं पॉलियुरेथेन दमट हवेत हळूहळू विघटित होतं आणि खपल्या निघतात. पावसाळ्यात सिलिका जेलच्या पुड्या बदलत राहाव्यात आणि दर कार्यक्रमाआधी टाच व पेस्टिंग तपासावं.

आता तो दहा इंची बूट मागतोय. हिशेब त्याला पाठ झालाय: "ताई, चढ तर पावणेचारच आहे, म्हणजे हे सोपे!" चढापुरतं त्याचं बरोबर आहे. पण पाऊल जमिनीपासून सव्वासहा इंच वर गेलं की घोटा जरासा कलंडला तरी त्याच्यावर पडणारा पीळ फार मोठा असतो, बुटाचं वजन वाढतं, आणि पडलो तर पडण्याची उंचीही. मी त्याला आठ इंचीत एका पायावर, डोळे मिटून, आधाराशिवाय तीस सेकंद उभं राहून दाखवायला सांगितलंय. सध्या तो अकरापर्यंत पोचलाय.